चौथ्या गाण्यातली खरखर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. कार्तिकला नाही, आईला नाही. कन्फेशनला जाते तेव्हा आईला उलट बोलले, रविवारची मिस्सा चुकवली, असली बारीकसारीक पापं फादरना सांगून मोकळी होते आणि जे सांगायचं ते तसंच घेऊन बाहेर येते. बाहेर आले की घाम फुटतो. आता लिहितानाही फुटलाय. पंखा फुल्ल आहे, तरी.

कुठून सुरुवात करू? गाण्यांपासून करते. गाण्यांबद्दल बोलायला मला आवडतं — लोक विचारतात, मी बोलते, आणि बोलता बोलता त्या एका गोष्टीपासून लांब लांब जाता येतं. बघा, पहिल्याच पानावर पळवाट शोधली.

तर आमचा बँड म्हणजे दोनच माणसं, मी आणि कार्तिक. मी पाचूबंदरची, कोळ्यांची पोर. पप्पांची बोट, आईची मासळीची पाटी. कार्तिक एव्हरशाईन सिटीतला, तमिळ घरातला; त्याचं मराठी शाळेच्या पुस्तकाएवढं. त्याच्या बेडरूममधल्या कपाटात गाद्या कोंबून आम्ही स्टुडिओ केला होता. मी कपाटात उभी राहून गायचे आणि बाहेरून त्याची आई विचारायची, "बेटी, प्रेस के कपड़े कहाँ रखूँ?" आमच्या पहिल्या अल्बमच्या एका गाण्याच्या शेवटी हे वाक्य जसंच्या तसं राहून गेलंय. लोकांना ते फार आवडतं.

अल्बमचं नाव 'ओहोटीचे लाड'. सात गाणी. तुम्ही ऐकली नसतील, हरकत नाही, थोडक्यात सांगते. गिटारवर कार्तिक इतका फझ चढवायचा की सूर फाटून त्याची लोकर व्हायची, आणि त्या लोकरीतून माझी चाल अगदी गोड, बालवाडीतल्या पोरानंही गुणगुणावी अशी. शब्द मात्र बालवाडीचे नाहीत. 'उशाशी माझ्या कोण बसलंय, ओलं ओलं का लागतंय' — हे मी अशा चालीत म्हणते की ऐकणाऱ्याची मान डोलते. मुंबईतल्या कार्यक्रमांत पोरं-पोरी डोळे मिटून, हसत हसत हे म्हणतात. मुलाखतीत सगळे एकच विचारतात, इतक्या गोड चालीला इतके काळे शब्द कुठून सुचले? मी सांगते, समुद्राकाठी वाढले ना. त्यावर ते माना हलवतात आणि पुढचा प्रश्न घेतात.

चौथं गाणं सगळ्यांत जास्त चाललं. 'घरी कोण आहे'. त्यात चालीच्या मागं एक खरखर आहे, जुन्या रेडिओसारखी, आणि त्या खरखरीत कुणीतरी बोलतंय असं वाटतं, पण शब्द कळत नाहीत. आणि मध्येच दोनदा टक-टक वाजतं. कार्तिकनं त्या टक-टकवरच सगळा ठेका बसवला. कार्यक्रमात ती जागा आली की लोक दोन टाळ्या वाजवतात.

मी त्या दोन टाळ्यांच्या वेळी नेहमी लोकांकडं पाठ करते. कार्तिकला वाटतं ती माझी स्टाईल आहे.

ती खरखर आमच्या घरातल्या वायरलेसची आहे. कोळीवाड्यात बोटीवर वायरलेस असतो तसा काही घरांतही असतो. आमच्या गल्लीत एकच, आमच्या खिडकीत ठेवलेला, गल्लीतल्या बोटींच्या चॅनलवर; वर छपरावर लोखंडी पाईपला अँटेना. बोटी लांब गेल्या की मोबाईल कामाचा राहत नाही, मग कोण कुठं आहे, कुणाचं जाळं फाटलं, कोण संध्याकाळी येणार, हे सगळं त्या खिडकीतून गल्लीला कळतं. सेट मोठ्यानं चालू असतो. गल्लीतल्या बायका मासे साफ करता करता त्याच्याकडं कान ठेवतात. आणि नियम एकच आहे, कुणी लिहिलेला नाही पण सगळ्यांना माहीत असलेला: जे ऐकलं ते पुढं सांगायचं. ज्याच्या कानावर आलं त्याची ती जबाबदारी.

अजून एक रीत आहे. आवाज तुटत असला, किंवा बोलायला सवड नसली, तर ऐकणारा बोलायचं बटण नुसतं दोनदा दाबतो. समोरच्याला टक-टक ऐकू येतं. त्याचा अर्थ — ऐकलं, निरोप पोचला, आता तू सेट बंद करून ठेव, बॅटरी वाचव. पप्पा, माझे काका, सगळे असंच करतात. मीही लहानपणापासून करते. हाताला सवय आहे.

आता पुढं जाते. जायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा संपून बोटी नियमित जायला लागल्या होत्या. दुपारची वेळ. आई बाजारात. पप्पा पहाटे मासळी उतरवून आलेले, जेवून आतल्या खोलीत झोपलेले. त्यांचं घोरणं मला ऐकू येत होतं, हे मुद्दाम सांगते. सेटपाशी माझी पाळी होती.

आणि मला एक गाणं सापडत नव्हतं. चाल होती, शब्द अर्धे होते, पण मागं काहीतरी हवं होतं — काय ते कळत नव्हतं. मग सेटच्या खरखरीकडं लक्ष गेलं. इतकी वर्षं कानाशी असलेली, कधी ऐकलीच नव्हती. मी लॅपटॉप आणला आणि सेटच्या इअरफोनच्या भोकात केबल घातली.

पप्पांनी मला हे करायला साफ मनाई केली होती. गाण्याच्या धंद्यासाठी सेटला हात लावायचा नाही. कारणही सांगितलं होतं — केबल घातली की सेटचा आवाज बाहेर येणं बंद होतं. जे येतं ते फक्त केबल लावणाऱ्याच्या कानात. म्हणजे त्या दुपारी आख्ख्या गल्लीचा कान मी एकटीनं माझ्याकडं घेतला होता. कुणाला कळलं नाही. बायका बाहेर गप्पा मारत होत्या, सेट गप्प म्हणजे समुद्र गप्प, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

मी हेडफोन घालून खरखर रेकॉर्ड करत होते, त्यावर चाल गुणगुणत होते. आणि त्या खरखरीत इनासकाका आले.

इनासकाका आमच्या भिंतीपलीकडचे. मर्सीमावशीचा नवरा. वायरलेसवरचा सगळ्यांत बोलघेवडा माणूस. "अरे बुडालो, चहा पाठवा रे!" असं ओरडून लोकांची झोप उडवायचा, सेटवर लग्नातली गाणी म्हणायचा, पप्पा त्याला शिव्या द्यायचे आणि मग हसायचे. त्यामुळं मला इथं सोपं आहे, नाही का? लांडगा आला रे आला. मी म्हणू शकते की मला वाटलं, काका थट्टा करताहेत. तीन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. पण थट्टेत ते ओरडायचे. त्या दिवशी ते हळू बोलत होते. जवळ बसलेल्या माणसांना कळू नये असं बोलावं तसं. मी कोळ्याची पोर आहे, मला तो आवाज कळतो. कळला होता.

"घरी कोन हाय?" ते म्हणाले. थांबले. परत म्हणाले, "घरी कोन हाय? इंजिन बंद परलंय. पानी घेते बोट. जालं वाहत गेलं त्याच्या मागं वर आलो, आर्नाळ्याच्या किल्ल्याच्या बाहेर. ऐकलंस का? आर्नाळ्याच्या बाहेर. घरी कोन हाय?"

आणि मी काय केलं? मी बोलले नाही.

बोलले असते तर रेकॉर्डिंग तुटलं असतं. माझा आवाज मध्ये आला असता. आणि ते — लिहूनच टाकते — ते इतकं सुंदर येत होतं. खरखर, त्यातून तो खोल, घाबरलेला आवाज, आणि तो नेमका माझ्या चालीच्या फटीत बसत होता. मला हवं होतं ते हेच. आठवडाभर शोधत होते ते. मी विचार केला, त्यांना पुरं बोलू दे, मग जाते. एकच टेक.

तरी काहीतरी उत्तर द्यायला हवं हे हाताला माहीत होतं. मी बटण दोनदा दाबलं. टक-टक.

खरखर क्षणभर तुटली, परत आली. आणि काका म्हणाले, "हां. बरं झालं. पोचलं." त्यांच्या आवाजातली भीती उतरली, ते ऐकू आलं मला. मग त्यांनी सेट बंद केला. रीतीप्रमाणं. त्यांनी दुसऱ्या कुणाला हाक मारली नाही. का मारतील? निरोप पोचला होता.

समजतंय ना तुम्हाला? मी नुसती गप्प बसले असते तर बरं झालं असतं. गप्प बसले असते तर ते ओरडत राहिले असते, कुठल्यातरी बोटीनं ऐकलं असतं. मी त्यांना सांगितलं की आता ओरडू नका.

पुढं तरी उठले का? नाही, आधी रेकॉर्डिंग परत ऐकलं. छान आलं होतं. ते कार्तिकला पाठवलं, खाली तीन हृदयं टाकली. मग केबल काढली, बटण दाबून म्हणाले, "काका, बोला." काही नाही. नुसती खरखर, आता सगळ्या गल्लीला ऐकू येणारी. परत दाबलं, परत हाक मारली.

पप्पांना उठवायचं होतं. दाराशी गेले. पण उठवलं तर ते आधी विचारणार, कधी आला आवाज? आणि मग, बाहेर कुणालाच कसा ऐकू आला नाही? केबलचं कळणार. मी सव्वीस वर्षांची होते, चांगली नोकरी करत होते, आणि पप्पांच्या ओरडण्याला भीत होते. मला वाटलं, आणखी कुणीतरी ऐकलं असेलच. मला वाटलं, पाच मिनिटं थांबू, काका परत बोलतील. पाच मिनिटांनी सांगणं पहिल्यापेक्षा अवघड झालं होतं. मग दहा मिनिटांनी त्याहून अवघड. भीतीचं असंच असतं, ती दर मिनिटाला वाढते आणि आपण तिला मोठी होईस्तोवर बघत बसतो. मी गॅसवर चहा ठेवला. पप्पा उठले तेव्हा त्यांच्या हातात कप दिला.

संध्याकाळी मर्सीमावशी दारात आली. पदराला हात पुसत, हसतच, नवऱ्याची चौकशी करायला. "लिना, सेटवर आमच्याकरचा काय आवाज आला का गो?"

"नाय, मावशी," मी म्हणाले.

एवढंच. दोन शब्द. खोटं बोलायला तोंडाला किती कमी लागतं.

मग गल्ली जमली. जेट्टीवर माणसं, पोलिसांना फोन, कोस्टगार्डला फोन, बोटी काढायची धावपळ. इनासकाकांची जाळी उत्तनच्या अंगाला, दक्षिणेकडं असायची. तिकडंच जायचं ठरलं, पप्पाही निघाले. मी त्यांच्या मागं जेट्टीपर्यंत गेले. म्हटलं, "पप्पा, आर्नाळ्याकडं पन बघा ना."

पप्पा वळले. "आर्नाळ्याला कशाला जाईल तो?"

मी म्हणाले, "असंच."

ते माझ्याकडं बघत उभे राहिले, किंवा मला तसं वाटलं — चोराच्या मनात चांदणं. मी खाली बघितलं. ते बोटीत चढले आणि बोटी दक्षिणेला गेल्या, आर्नाळ्याच्या उलट दिशेला.

त्या रात्रीबद्दल मी लिहिणार नाही. कोळीवाड्यात ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना ती माहीत आहे, आणि बाकीच्यांना सांगून कळायची नाही.

सकाळी आर्नाळ्याच्या एका बोटीला काकांचे दोन खलाशी सापडले, डिझेलच्या रिकाम्या कॅनना धरून. इनासकाका त्यांच्याबरोबर पुष्कळ वेळ होते. मग नव्हते. दोन दिवसांनी तिकडच्याच किनाऱ्यावर मिळाले. मी बघायला गेले नाही, ताप आला म्हणून सांगितलं. ताप खरंच आला होता.

खलाशी बोलायच्या स्थितीत आले तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली. इनासदादा म्हणत होते, निरोप पोचलाय. घरून टक-टक आलं. बोटी येतायत, घाबरू नका, हात सोडू नका. शेवटपर्यंत हेच म्हणत होते.

त्या दिवसाइतकी भीती मला आयुष्यात वाटली नाही. मला वाटलं, आता कळलं. आता सगळे आमच्या खिडकीकडं बघणार. गल्लीनं विचारपूस केलीच — कोळीवाड्यात ज्या ज्या घरात सेट होता त्या प्रत्येक घरी. आमच्याकडंही. आईनं माझ्या वतीनं सांगितलं, "आमची पोर दुपारभर सेटच्या बाजूलाच होती, काय आलं नाय." बायकांनी साक्ष दिली की दुपारी सेट गप्पच होता. खरंच होतं ते, बिचाऱ्या खोटं कशाला बोलतील? तेव्हा सगळ्यांनी मिळून अर्थ काढला: इनास थापा मारत होता. दोघा पोरांनी धीर सोडू नये म्हणून. तसा तो होताच थापाड्या.

मयताच्या मिस्साला फादर त्यावरच बोलले. म्हणाले, काही खोटं देवालाही प्रिय असतं. मरताना इनासनं आपल्या माणसांना खोट्या आशेचा आधार दिला, ती त्याची शेवटची थट्टा आणि शेवटची माया. चर्चमध्ये सगळे रडले. पुढच्या बाकावर मर्सीमावशी रडली. मी गायनमंडळात होते, वरच्या गॅलरीत; उपदेशानंतर मला गायचं होतं. मी गायले. आवाज जराही कापला नाही, लोकांनी नंतर कौतुक केलं.

आजही गल्लीत कुणी कुणाची समजूत घालायला बरं खोटं बोललं तर म्हणतात, 'इनासचं टक-टक'. बोलीत बसलंय ते आता. लहान पोरंही म्हणतात. माझ्या भाच्यानं परवा मला म्हटलं, मी त्याला इंजेक्शन दुखत नाही असं सांगितलं म्हणून. मी त्याला मारलं. त्यानं काय केलं ते त्याला कळलंच नाही.

आणि गाणं? तुम्ही विचारणारच. ते रेकॉर्डिंग मी अल्बमवर कसं जाऊ दिलं?

कार्तिकनं त्या दुपारी फाईल मिळाल्या मिळाल्या काम सुरू केलं होतं. मी जेट्टीवर उभी होते तेव्हा फोनवर त्याचा मेसेज आला, 'सुनो, कमाल आहे हे!' काकांचा मृत्यू त्याला मी सांगितला, पण तो आवाज त्यांचा आहे हे सांगितलं नाही. त्याला ती भाषा कळत नाही; त्याला ते बोटींचं नेहमीचं बोलणं वाटलं. त्यानं त्यावर इतका फझ ओतला की आमच्या गल्लीतल्या माणसालाही शब्द लागू नयेत. मी म्हणू शकले असते, हे काढ. तो म्हणाला असता, का? पुन्हा तोच प्रश्न. पण खरं सांगू? नुसती ती भीती नव्हती. गाणं चांगलं झालं होतं. माझ्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं. मला ते टाकवेना. ही कबुली बाकी सगळ्यापेक्षा लाजिरवाणी आहे, आणि ती मी शेवटपर्यंत लपवून ठेवणार होते. लिहिली. राहू दे.

अल्बम आला आणि मी धास्तावून जगायला लागले. तसं जगणं तुम्हाला माहीत आहे का? खाई त्याला खवखवे म्हणतात, पण हे खवखवणं नाही, हे दातखीळ बसल्यासारखं आहे. गाण्याखाली कुणी कमेंट केली की मी ती दहादा वाचते. 'मागचा माणूस काय बोलतो?' असं कुणी विचारलं की मी दोन दिवस जेवत नाही. आर्नाळ्याच्या एका पोरानं लिहिलं, 'हे तर आमच्या साईडचं बोलणं वाटतं!' मी ती कमेंट उडवली आणि मग त्यानं ती उडवलेली बघितली असेल म्हणून रडले. कार्यक्रमात पहिल्या रांगेत कुणी डोकं वाकडं करून, कान देऊन ऐकायला लागलं की मी आवाज चढवते. सेटवर आमची बोट बोलली की अजूनही माझा हात आपोआप बटणाकडं जातो आणि मी तो मागं ओढते. आता सेटपाशी आई बसते. मला वेळ नसतो, मी आता गायिका आहे.

मर्सीमावशीनं अल्बम ऐकला तो अभिमानानं. शेजारची पोर, अंगाखांद्यावर खेळलेली. तिच्या भाचीनं तिच्या फोनवर लावून दिला. भिंतीपलीकडून मला माझाच आवाज ऐकू यायचा, भाजी चिरताना, भांडी घासताना. पहिल्यांदा सगळी गाणी. मग फक्त चौथं. चौथं, परत चौथं. मी माझ्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायचे आणि गाणं संपायची वाट बघायचे, आणि ते संपून परत सुरू व्हायचं.

एक दिवस तिनं मला दारात गाठलं. म्हणाली, "लिना, त्या गान्यात मागं कोनतरी बोलतंय. मला आमच्याकरचं वाटतंय. मी येरी, खुळी झालीय का गो?"

तिच्याकडं त्यांचा आवाज कुठंच नव्हता. जन्मभर बोलत राहिलेला माणूस, आणि कुणी एक शब्द धरून ठेवला नव्हता. फोन त्यांच्याबरोबर पाण्यात गेला होता. हे तिनंच मला सांगितलं, तिथं दारात, हसत. ती संशयानं विचारत नव्हती. तिला फक्त 'हो' हवं होतं.

मी म्हणाले, "मावशी, तो मानूस नाय, मशीनची खरखर हाय."

"असल," ती म्हणाली. आणि पुढं म्हणाली, "तरी मी लावीन हां. बरं वाटतं."

इथं तरी मी थांबायला हवं होतं. पण भीतीनं घेरलेला माणूस थांबत नाही. त्याच आठवड्यात मी कार्तिकला सांगितलं, चौथ्या गाण्याचं मिक्सिंग मला आवडत नाही, मागचा वायरलेस काढून टाकू, साधी खरखर घालू. तो वेडापिसा झाला — चाललेलं गाणं कुणी बदलतं का? भांडलो. शेवटी त्यानं केलं. नेटवर सगळीकडं जुनी फाईल जाऊन नवी आली, नाव तेच, चाल तीच. टक-टक त्यानं ड्रमच्या काठीचं घातलं. ऐकणाऱ्या लोकांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.

मर्सीमावशीच्या आलं.

ती परवा आली होती. हातात सुक्या बोंबलांचं कालवण, माझ्यासाठी. वाटी ठेवली, खुर्चीत टेकली, फोन काढला. मग म्हणाली, "त्या गान्यातला मानूस गेला गो. सकाली लावलं, तर नाय. दुपारी लावलं, तर नाय. माझा फोन बिघरला वाटतं. बघतेस का?"

मी फोन हातात घेतला. उघडझाप केली. आवाज कमी-जास्त केला. मग परत दिला आणि म्हणाले, फोन जुना झालाय, मावशी.

ती फोन घेऊन गेली. वाटी अजून ओट्यावर आहे, मी ती खाल्ली नाही, टाकलीही नाही.

इनासकाका थापा मारत नव्हते. आमच्या खिडकीतल्या सेटवरून टक-टक गेलं होतं, ते मी केलं होतं, आणि कुणी येणार नव्हतं हे फक्त मला माहीत होतं. जुनं रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर आहे, फझ नसलेलं, एकेक शब्द स्वच्छ. शेवटी सेट बंद करण्याआधी ते स्वतःशीच पुटपुटतात तेही त्यात आहे: "ऐकलं घरी. आपली लिना असल."

भिंतीपलीकडं आत्ता मावशीनं गाणं लावलंय. नवं. मी बसून ऐकतेय.